चौथी भाकरी

«ताई, नमस्कार. मी बेळगावात, अनगोळात राहते. मूळ गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं. आमचे हे उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. सव्वीस वर्षं एकच लेथ, लोखंड फिरवून कापायचं मशीन. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी छातीत जळजळतंय म्हणाले, सोडा प्यायले आणि सेकंड शिफ्टला गेले. रात्री आठला फोन आला. मी जाईपर्यंत सगळं संपलं होतं. आता वर्ष होईल.

कामावरचे लोक वर्कशॉपमध्येच पुण्यतिथीचा कार्यक्रम करायचा म्हणताहेत. 1 नोव्हेंबरला सुट्टी असते, तर त्याच दिवशी. मी दोन शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं आहे. मोठे भाऊजी म्हणतात, वर्ष व्हायच्या आत बाईमाणसानं असल्या ठिकाणी जायचं नाही, आणि काळ्या दिनी तर नाहीच. त्यापेक्षा गल्लीच्या तोंडाला मोठा फलक लावूया.

खरं माझं दुखणं वेगळंच आहे. यांच्या शेजारच्या मशीनवर एक अण्णा आहेत, बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. महिन्यातून एकदा येऊन बसतात. मरणाचा दाखला कन्नड-इंग्रजीत आला, तोही त्यांनीच वाचून दाखवला. त्यांच्याकडून कळतंय की हे कामावर सगळ्यांना हसवायचे. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर ठेका धरून भजन म्हणायचे. घरी चार शब्द बोलायचे नाहीत हो. सतरा वर्षांपूर्वी एक दिवस 'भाकरी एक जास्त घाल' म्हणाले, तेव्हापासून मी तीनाच्या चार घालत आले. अण्णा म्हणाले, 'वैनी, चौथी माझी असायची.' मला यांनी कधी सांगितलं नाही. रडू आलं आणि रागही आला. माझा नवरा मला माहीतच नव्हता काय?

मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, ती वडिलांचं नावच काढत नाही. मुलगा म्हणतो, टूलबॉक्स वर्कशॉपला देऊन टाकू. सासूबाई गावाकडं असतात, त्या फोनवर नुसत्या हं हं करतात. परवा कॉट सरकवताना लेथवर निघते ती लोखंडाची कुरळी साल सापडली, निळसर. ती मी कुंकवाच्या करंड्यात ठेवलीय. मी यांची आठवण कशी ठेवू, आणि कुणाचं ऐकू?»

ताई,

आधी तारखेचं बोलते, कारण ते लवकर उरकण्यासारखं आहे. 1 नोव्हेंबर नको. कामगारांच्या मनात वावगं काही नाही. कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, मशीन बंद, सगळे मोकळे, एवढाच त्यांचा हिशेब. पण आपल्या बेळगावात त्या दिवसाला दुसरंच ओझं आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासूनचं दुखणं अजून भरलेलं नाही. त्या दिवशी याच शहरात एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीकडं काळा दिन पाळणाऱ्या मराठी माणसांचे काळे. तुमच्या मिस्टरांसाठी जी माणसं येणार, त्यांत दोन्हीकडची असतील. कुणाला यायला अडचण, तर कुणाला आल्याबद्दल चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. भाऊजींची अडचण मला समजते आणि अण्णांचीही समजते. ज्या माणसानं दोघांनाही धरून ठेवलं होतं, त्याच्याच नावानं दोघांत तेढ कशाला? जवळची एखादी साप्ताहिक सुट्टी धरा. वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे घरी होईलच, ते भटजींना विचारून ठरवा. तिथी आणि तारीख बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळं घरचं एक दिवस आणि कामावरचं दुसऱ्या दिवशी असं आपोआप जमून जाईल.

फलक भाऊजींना लावू द्या. त्यांचाही भाऊ गेलाय, आणि काहीतरी केल्याशिवाय त्यांचं मन शांत व्हायचं नाही. फक्त फोटो तुम्ही निवडा. फलकवाले आधारकार्डावरचा फोटो घेतात, मान कापून ढगांवर ठेवतात आणि कडेला समई काढतात. माणूस ओळखूच येत नाही. खंडेनवमीला लेथपाशी काढलेला एखादा फोटो अण्णांच्या मोबाईलमध्ये नक्की असेल. तो मागून घ्या.

बाईमाणसानं जायचं नाही, हे मात्र ऐकू नका. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव आपल्या निपाणी-चिक्कोडीच्या पट्ट्यापासून काही फार लांब नाही. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं बाकीच्या गावांनीही तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. आपण कर्नाटकात, आपल्याला ते लागू नाही. पण बांगडी फुटताना मनगटाला लागतं ते हद्दीच्या अलीकडंही आणि पलीकडंही. हेरवाड काही मोठं शहर नाही. तिथंही सासवा, दीर आणि भावकी आहे, तरी त्यांनी केलं. तुम्ही भाऊजींशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, 'भाऊजी, मला एकटीला जमायचं नाही, तुम्ही बरोबर चला.' सव्वीस वर्षं आपला भाऊ जिथं उभा राहिला ती जागा त्यांनी तरी कधी पाहिलीय? तिथं गेल्यावर ते वेगळं बोलतील असं मला वाटतं.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडं येते.

तुमच्या मिस्टरांना मी ओळखत नव्हते, त्यामुळं ते घरी का बोलायचे नाहीत हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लेथच्या शेडमध्ये मी गेले आहे. आठ तास तो आवाज, त्यावर आवाज चढवून बोलायचं, हातवारे करायचे, हसायचं तेही मोठ्यानं. तसल्या माणसाला घरी आल्यावर कुणी बोलायला न लावणं हेच सुख वाटत असेल. जिथं गप्प बसलेलं चालतं ते आपलं घर, असं मानणारे पुरुष आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बायकांना त्याचा त्रास होतो हेही तितकंच खरं आहे. म्हणून तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ते भजन तुम्हालाही ऐकायला मिळायला हवं होतं. त्यांनी एखाद्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात ताट पालथं घालून ठेका धरायला हवा होता. तो राग मनात असू द्या. गेलेल्या माणसावर रागावलं म्हणून माया कमी होत नाही.

पण भाकरीचं मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिता. मी म्हणते, त्यांनी तुम्हालाच सांगितलं होतं. 'भाकरी एक जास्त घाल' हे ते दुसऱ्या कुणाला म्हणाले? समोरच्या हॉटेलातून अण्णांना काही घेऊन देता आलं असतं, पण त्यांनी तुमच्या तव्यावरची भाकरी मागितली. आणि तुम्हीही का म्हणून विचारलं नाही, दुसऱ्या दिवसापासून चार केल्या. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तरी सतरा वर्षांत पाच हजारांवर भाकऱ्या होतात. तुम्हाला वाटतं तुम्ही त्या वर्कशॉपमध्ये नव्हता. रोज दुपारी झाकण उघडलं की तुमच्या हातचं दोघांच्या पुढ्यात असायचं. आणि अण्णा महिन्याला येतात ते केवळ मित्राचं घर म्हणून येत असतील असं मला वाटत नाही. आपल्यात खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. ते ज्या घरचं खाल्लं त्या घरी येतात.

तुम्हाला माझ्या घरातलं एक सांगते, कारण त्यावरूनच तुम्हाला काही सांगायचा मला अधिकार आहे.

माझे वडील शहापूरला मागावर बसायचे. खड्ड्याचा माग, पाय खाली पावड्यांवर, अर्धा माणूस जमिनीत. शेजारच्या मागावर दुसरे एक काका होते, वीस-बावीस वर्षं दोघं हाताच्या अंतरावर. वडील गेल्यावर काका चार-पाच वेळा आमच्याकडं आले. सोप्यात बसायचे. आई चहा द्यायची आणि आत जायची. आम्ही पोरं म्हणायचो, हे येतात आणि आईला रडवून जातात. मग त्यांचं येणं थांबलं. आम्हाला बरंच वाटलं.

पुढं माझी मुलं मोठी झाली आणि आजोबा कसे होते म्हणून विचारू लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला सांगण्यासारखं फार थोडं माहीत आहे. वडील पहाटे उठून जायचे, दिवेलागणीला यायचे. मधला सगळा दिवस काकांकडं होता. मी शोधत खासबागला गेले. काका अंथरुणाला खिळले होते. मी कुणाची मुलगी ते सांगितलं. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. बोलले काहीच नाहीत. नुसता उजवा हात वाकळेवरून उचलला आणि हवेतच ओढला, धोट्याची दोरी ओढावी तसा. पुन्हा ओढला. पुन्हा. त्यांची सून म्हणाली, आता एवढंच राहिलंय. मी घरी आले ती तेवढंच घेऊन.

म्हणून अण्णा आले की चहा देऊन आत जाऊ नका. समोर बसा. मुलाला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायला सांगा, आधी अण्णांना विचारून. आणि बारीक बारीक विचारा. कसे होते हो म्हणून विचारलंत तर 'देवमाणूस' एवढंच उत्तर येईल. ते उत्तर सगळेच देतात, त्यातून हाती काही लागत नाही. पहिल्यांदा भेटले तेव्हा काय बोलले ते विचारा. मशीनवर घडवायचा एखादा जॉब बिघडला तर काय करायचे, कुणावर ओरडायचे, कुणाशी अबोला धरला होता, भजन कुठलं, पगाराच्या दिवशी काय खायचे, ते विचारा. आणि एक नक्की विचारा, घरच्यांबद्दल काय बोलायचे. घरी न बोलणारी माणसं बाहेर घराविषयीच बोलतात, हे मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय. तुमच्या भाकरीबद्दल, पोरीच्या मार्कांबद्दल, भाड्याच्या घराबद्दल. अण्णांकडं तुमच्या वाट्याचं बरंच काही साठलेलं असेल.

त्यांच्या वाईट सवयीही ऐकून घ्या. तंबाखू खात असतील, चिडत असतील, कुणाला टाकून बोलले असतील. फोटोला हार पडला की माणूस गुळगुळीत होतो. कुठंतरी खरखर राहिली तरच तो तुमचा राहील.

कार्यक्रमात अण्णा बोलणार असतील तर त्यांना कन्नडमध्येच बोलू द्या. कुणी म्हणेल, मराठी माणसाची पुण्यतिथी, मराठीत बोला. तसं होऊ देऊ नका. मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत माणूस आभार मानू शकतो, रडू शकत नाही. भाऊजींना समजलं नाही तर तुमचा मुलगा शेजारी बसून सांगेल. इथं शाळेत शिकलेल्या मुलांना दोन्ही येतं. आणि ते तुम्हाला वैनी म्हणतात, तुम्ही त्यांना अण्णा म्हणता. हे दोन्ही शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांत तेच आहेत. तेवढ्यावर सतरा वर्षं चाललं की.

तुम्ही काय बोलायचं? भाषण करू नका, जमणार नाही आणि गरजही नाही. उभं राहून भाकरीची गोष्ट सांगा. मला माहीत नव्हतं, अण्णांनी सांगितलं, एवढंच. मग छातीचं सांगा.

ते सांगायला सर्वांत कठीण जाईल, कारण तुमच्या पत्रातलं 'सोडा प्यायले आणि गेले' हे वाक्य मला सारखं टोचत होतं. तुम्ही कुठंही 'मी थांबवलं नाही' असं लिहिलेलं नाही, पण त्या वाक्याच्या पाठीमागं तेच उभं आहे. ताई, जळजळ त्यांना आधीही झाली असेल. सोड्यानं, जिऱ्यानं थांबलीही असेल. त्या दुपारी तुम्ही जे पाहिलं ते आधी कैकदा पाहिलेलं होतं. ज्याच्या छातीत दुखत होतं त्यालाही ते वेगळं वाटलं नाही, मग तुम्हाला कुठून वाटणार? हृदयविकाराचा झटका पुष्कळदा पित्तासारखाच येतो. छातीच्या मध्यात जळजळ किंवा दाब, कधी वर जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, दम लागणं, पोटात ढवळणं. भलेभले फसतात. त्याचा दोष तुमच्या पदरात घेऊ नका.

पण त्या शेडमध्ये तुमच्यासमोर तीस-चाळीस पुरुष बसलेले असतील, आणि त्यातल्या निम्म्यांच्या खिशात पित्ताची गोळी असेल. त्यांना म्हणा, छातीत असं काही झालं आणि घाम फुटला तर शिफ्टला येऊ नका. कुणी सोडा प्यायला तर त्याला मशीनवर उभं राहू देऊ नका. सरळ ईसीजी काढायला न्या, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. तो नंबर त्यांच्या लेथच्या वरच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा म्हणावं. तुमच्या तोंडून आलं तर ते ऐकतील. डॉक्टर येऊन सांगून गेला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरतील.

आणखी एक काम त्या लोकांना द्या. तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्ष होत आलं तरी कागदपत्रं अर्धवट पडलेली घरं मी बघते. 'वैनी, काही लागलं तर सांगा' असं म्हणून ते जातात आणि आपण काही सांगत नाही. हातानं काम करणारी माणसं ती, त्यांना दुःख हातानंच करता येतं. सांगा त्यांना. पीएफ कापला जात असेल तर तीन वेगळे हक्क असतात: साठलेल्या पैशांसाठी फॉर्म 20, तुमच्या आणि मुलांच्या पेन्शनसाठी फॉर्म 10-डी, आणि विम्यासाठी फॉर्म 5-आयएफ. तो विमा नोकरीत असताना गेलेल्या कामगाराच्या घरच्यांना मिळतो, कमाल 7 लाखांपर्यंत, आणि पुष्कळ बायकांना तो असतो हेच माहीत नसतं. तुमची पेन्शन वेगळी आणि दोन मुलांची वेगळी, मुलांची पंचविसाव्या वर्षापर्यंत. ग्रॅच्युइटीही मागा, सव्वीस वर्षांची आहे ती. अण्णांनी दाखला वाचून दाखवला तसेच कागदही दाखवतील, ऑफिसमध्ये बरोबर येतील. कार्यक्रमाला हार आणि शाली आणण्यापेक्षा हे काम त्यांनाही बरं वाटेल.

मुलीचं. ती वडिलांचं नाव काढत नाही म्हणून तिला माया नाही असं समजू नका, तुम्ही समजत नाहीच म्हणा. घरात सगळे तुमच्याकडं बघतात, येणारा प्रत्येकजण तुम्हाला धरून रडतो. सतरा वर्षांच्या मुलीला वाटतं, आपण रडलो तर आई कोसळेल. तिला बोलतं करायला जाऊ नका. तिला काम द्या. आता खंडेनवमी येईल. गेल्या खंडेनवमीला त्यांनी स्वतः लेथ रॉकेलनं पुसला असेल, जॉब धरणाऱ्या चकला झेंडूची माळ घातली असेल, लेथच्या बेडवर हळद-कुंकू लावलं असेल. यंदा त्या लेथची पूजा कोण करणार? मालकांना अण्णांकरवी विचारा की मुलगी येऊन करील का. कुणी नाही म्हणणार नाही. तुम्ही जाऊ नका, तिला भावाबरोबर पाठवा. तिथं ती रडेल किंवा रडणार नाही. पण वडिलांचा हात ज्या मुठीवर होता त्या मुठीवर तिचा हात एकदा पडू दे.

टूलबॉक्सचं मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. टूल, पाने, हातोडी ही वापरात राहिली तर चांगलीच राहतात. घरात माळ्यावर ठेवली तर बेळगावचा पाऊस चार महिन्यांत त्यांना खाऊन टाकतो. ती द्या, अण्णांच्या हातात द्या, ते कुणाला काय द्यायचं ते जाणतील. पण व्हर्नियर देऊ नका. तो मुलीला द्या. पीयूसीला सायन्स असेल तर तिला तो कॉलेजातही लागेल, आणि नसेल तरी द्या. मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारं ते हत्यार तिच्या वडिलांनी रोज डोळ्यांशी धरलेलं आहे. त्यावर त्यांच्या अंगठ्याची झीज असेल, ती तिला सापडेल.

करंड्यातली साल तिथंच राहू द्या. पोलाद कापताना इतकं तापतं की निघणारी साल निळी पडते. तो निळा रंग म्हणजे त्या दिवशी त्या जॉबला लागलेली धग आहे. फक्त गंज धरू नये म्हणून तिला मशीनच्या तेलाचा थेंबभर हात लावा. आणि करंडा बंद करून ठेवायचा की त्यातलं कुंकू लावायचं, हे तुम्ही ठरवायचं आहे, गल्लीनं नाही.

मोबाईलचं लवकर करा. त्यांचा नंबर रिचार्जविना राहिला तर बंद होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला मिळतो. 'येताना काय आणू' असले व्हॉइस मेसेज असतील, त्यात त्यांचा आवाज आहे. मुलाकडून ते दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. आता ऐकवणार नाहीत. उतरवून ठेवा फक्त.

सासूबाईंकडं जाऊन या. फोनवर त्या हं हं करतात, कारण फोनवर म्हाताऱ्या बाईनं पोराच्या मरणाबद्दल काय बोलायचं? वर्षश्राद्धाच्या आधी दोन दिवस जा, चुलीपाशी बसा, आणि ते लहान असताना काय खायचे ते विचारा. तुमच्याकडं त्यांची लग्नानंतरची वर्षं आहेत, अण्णांकडं सतरा आहेत, आणि त्यांच्याआधीची सगळी त्या एकट्या म्हातारीकडं आहेत. तीही कुणी विचारत नाही म्हणून बसून आहे.

राहिला तो कार्यक्रमाचा दिवस. हार-तुरे ते आणतील, पेढेही आणतील. तुम्ही त्यांचाच डबा घासून न्या. चार भाकऱ्या घाला. बरोबर भाजी कुठली घालायची ते मात्र आदल्या दिवशी अण्णांना फोन करून विचारा. सतरा वर्षं त्यांनी तुमच्या नवऱ्याच्या आवडीचं खाल्लं, त्यांना स्वतःला काय आवडतं ते तुम्हाला अजून माहीत नाही.